बांका बेटावरच्या सिस्टर : बेटी जेफ्रीची डायरी वाचलीय का कुणी?

रातपाळी

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसतीच वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, त्यामुळे लांबलं तर सांभाळून घ्या.

मी ३३ वर्षं सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स होते, शेवटी इनचार्ज सिस्टर म्हणून रिटायर झाले त्याला आता दोन वर्षं झाली. भाची मेलबर्नला असते. ती दिवाळीला आली तेव्हा माझ्यासाठी एक जुनं पुस्तक घेऊन आली, बेटी जेफ्री नावाच्या ऑस्ट्रेलियन नर्सचं ‘व्हाइट कूलीज’. १९५४ चं आहे. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या कैदेत असताना तिने चोरून डायरी लिहिली होती त्यावरून केलेलं. सलग इंग्रजी वाचायची सवय नाही, डिक्शनरी शेजारी घेऊन बसायचे, चार महिने लागले. संपलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि झोप काही आली नाही. हे कुणाशी तरी बोलायलाच हवं म्हणून इथे लिहितेय.

आधी काय झालं ते थोडक्यात. फेब्रुवारी १९४२, सिंगापूर पडायच्या बेतात. तिथल्या हॉस्पिटलात ऑस्ट्रेलियन आर्मीच्या नर्स होत्या, त्यांना निघायचा हुकूम आला. पेशंट टाकून जायला कुणीच तयार नव्हतं पण हुकूम म्हणजे हुकूम. १२ फेब्रुवारीला शेवटच्या ६५ जणी ‘व्हायनर ब्रूक’ नावाच्या छोट्या जहाजावर चढल्या, त्यावर बायकामुलं, म्हातारी माणसं अशी आधीच खच्चून गर्दी. १४ तारखेला जपानी विमानांनी ते जहाज बांका बेटाजवळ, म्हणजे सुमात्राच्या शेजारी, बुडवलं. नर्सना आधीच कामं वाटून दिलेली होती, कुणी कुठल्या भागातली माणसं बाहेर काढायची, जखमींना कुणी बघायचं. म्हणजे जहाज बुडतंय आणि ह्या ड्युटीवर आहेत! सगळ्यांना उतरवून मग स्वतः पाण्यात.

बेटी दोरावरून खाली उतरली, उतरली म्हणजे घसरलीच, आणि दोन्ही हातांची सालं निघाली. ते वाचताना मी थांबले. सोललेले तळहात आणि समुद्राचं खारं पाणी. आपण वॉर्डात साध्या ड्रेसिंगला सलाईनने जखम धुतली तरी पेशंट कळवळतो, आणि ही तसल्या हातांनी वल्हं मारत होती. त्यांची मोठी मेट्रन, ऑलिव्ह पाश्के, बेटीच्याच तराफ्यावर होती. तराफा जड झाला म्हणून बेटी आणि आयोल हार्पर अशा दोघी पाण्यात उतरून बाजूने पोहत होत्या, तेवढ्यात प्रवाहाने तराफा लांब नेला. तो परत कुणालाच दिसला नाही. ह्या दोघी खाजणातून, खारफुटीच्या चिखलातून तीनेक दिवस वाट काढत राहिल्या आणि मग पकडल्या गेल्या.

६५ पैकी १२ जणी समुद्रातच गेल्या. २२ जणी बांका बेटाच्या राडजी नावाच्या किनाऱ्याला लागल्या, त्यांचं काय झालं ते खाली लिहिते. किनाऱ्यावरून वाचलेली एक धरून ३२ जणी शेवटी कैदेत एकत्र आल्या, आणि साडेतीन वर्षांनी घरी पोचल्या त्या २४.

किनाऱ्यावरच्या २२ जणींबरोबर मेट्रन आयरीन ड्रमंड होती. जखमी भरपूर, खायला काही नाही, शरण जायचं असं सगळ्यांनी मिळून ठरवलं आणि जहाजावरचा एक अधिकारी जपान्यांना बोलवायला मुंटोक गावाकडे गेला. मेट्रनने बायकामुलांना आधीच पुढे चालायला लावलं म्हणून ती वाचली. नर्स मागे थांबल्या कारण जखमींना सोडून कुठे जाणार. १६ फेब्रुवारीला सैनिक आले. पुरुषांना वळणापलीकडे नेऊन मारलं, मग येऊन २२ नर्स आणि त्यांच्याबरोबर राहिलेली एक नागरिक बाई अशा सगळ्यांना समुद्रात चालायला लावलं आणि पाठीमागून मशीनगन चालवली. एकच वाचली, व्हिव्हियन बुलविंकल. गोळी डाव्या बाजूने कमरेच्या वर आरपार गेली होती, मेल्यासारखी तरंगत राहिली म्हणून वाचली. आणि नंतर काय केलं तर जंगलात एक जखमी इंग्रज सैनिक सापडला, त्याची बारा दिवस शुश्रूषा. स्वतःच्या अंगात गोळीची जखम. जवळच्या गावातल्या पुरुषांनी भीतीपोटी नाही म्हटलं पण बायकांनी मागून गुपचूप जेवण आणून दिलं. शेवटी दोघं शरण गेले, सैनिक काही दिवसांतच वारला.

आता मला जे सांगायचंय ते इथून पुढे. व्हिव्हियन कॅम्पात आली तेव्हा तिने गोळीच्या भोकावर पाण्याची बाटली लटकवली होती, गणवेशावरचं भोक दिसू नये म्हणून. तिने बाकीच्या ३१ जणींना सगळं सांगितलं आणि मग त्यांनी ठरवलं की हे आपल्याबाहेर जायचं नाही. जपान्यांना कळलं की साक्षीदार जिवंत आहे तर तिला मारतील, कदाचित सगळ्यांनाच. आणि साडेतीन वर्षं, ताप, उपासमार, भांडणं, मरणं, सगळ्यातून त्यांनी ते तोंडातून काढलं नाही.

बाहेरच्याला हे शौर्य वाटेल, आहेच. पण मी वाचताना मला हँडओव्हर आठवला. रातपाळी संपली की सकाळच्या सिस्टरला बेडगणिक सगळं सांगायचं, कुणाला काय दिलं, कुणाचं काय राहिलं, आणि काही गोष्टी वहीत न लिहिता फक्त तोंडी, हळू आवाजात सांगायच्या. त्या पलीकडे जात नाहीत. बेटीची डायरी मला तशी वाटली. लिहिलेला हँडओव्हर, आणि त्याच्या आत न लिहिलेला दुसरा.

वाचलंय का कुणी? किंवा अशी दुसरी पुस्तकं, नर्सने स्वतः लिहिलेली? डॉक्टरांची खूप मिळतात.

सोनटक्का

सिस्टर, इतकं नीट लिहिलंय तुम्ही. मी पुस्तक वाचलं नाही पण कॅम्पात त्या नर्सिंग कशी करत होत्या ते सांगा ना, औषधं तर नसणारच.

रातपाळी

नव्हतीच म्हणायची. थोडं काही मिळायचं ते संपायचं. सुरुवातीला पालेंबांगला डच लोकांच्या रिकाम्या घरांत कोंबलं होतं, बायका आणि मुलंच, डच, इंग्रज, ऑस्ट्रेलियन सगळ्या मिसळून. नर्सनी घरं वाटून घेतली आणि रोज दारोदार जाऊन आजारी माणसं बघायच्या, आपल्याकडे एएनएम बाई फिरते तशा. मलेरिया, हगवण, बेरीबेरी. बेरीबेरी म्हणजे नुसत्या पांढऱ्या भातावर जगलं की होतो तो, पाय सुजतात, बोटाने दाबलं तर खड्डा राहतो, मग सूज वर चढते आणि हृदय थकतं. त्यांना सगळं माहीत होतं, काय द्यायला हवं तेही माहीत होतं, द्यायला नव्हतं. माझ्या मते नर्ससाठी ह्याहून मोठी शिक्षा नाही.

मग काय करायच्या, तर अंग पुसायचं, पाणी भरून आणायचं, घाण काढायची, कूस बदलायची, रात्री शेजारी बसायचं. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी सोलापूरला ड्युटीवर होते, २७ वर्षांची. जीपमधून, ट्रकमधून माणसं येत होती. व्हरांड्यात गाद्या टाकल्या, त्याही संपल्या. बँडेज संपलं तेव्हा मावशींनी धुतलेल्या चादरी आणल्या आणि आम्ही बसून फाडल्या, चादर फाडताना जो आवाज येतो तो अजून कानात आहे. पण आमच्याकडे संध्याकाळी ट्रक भरून सामान आलं. त्यांच्याकडे साडेतीन वर्षं ट्रक आला नाही.

१९४४ च्या ऑक्टोबरात त्यांना परत मुंटोकला नेलं, तिथे कसलासा ताप पसरला, बांका फीवर म्हणायच्या त्याला. १९४५ च्या फेब्रुवारी ते एप्रिल एवढ्यात चार नर्स तिथे गेल्या. खड्डे स्वतः खणले, पेट्या स्वतः उचलल्या. एप्रिलमध्ये उरलेल्यांना सुमात्रात रबराच्या मळ्यात हलवलं, तिथे आणखी चार गेल्या. शेवटची पर्ल मिटलहॉयझर, १८ ऑगस्ट १९४५. युद्ध १५ ला संपलं होतं. कॅम्पात ते कुणी सांगितलंच नाही, २४ ऑगस्टला सांगितलं.

गोदाकाठ

१८ ऑगस्ट वाचून काही सुचेना. तीन दिवस.

जुनी_वही

धागा आवडला. मी हे पुस्तक फार वर्षांपूर्वी वाचलंय. एक गोष्ट तेव्हाही खटकली होती ती मांडतो, ताईंनी गैरसमज करून घेऊ नये. पुस्तकाचं नावच बघा. ‘गोऱ्या कुली’. म्हणजे तक्रार काय आहे, तर आम्हा गोऱ्यांना कुलीसारखं राबवलं. पण मलायात, सिंगापुरात त्यांच्या आधी शंभर वर्षं कुली म्हणून कोण राबत होतं? तमिळ मजूर, चिनी मजूर. जपान्यांनी त्याच काळात मलायातून तमिळ मजूर हजारोंनी बर्माच्या रेल्वेवर नेले, ते तिथे माश्यांसारखे मेले. सिंगापूरला शरण गेलेले आपले भारतीय सैनिक, त्यातले कित्येक न्यू गिनीकडे मजुरीला पाठवले गेले. त्यांची डायरी कुठे आहे? बेटी जेफ्रीचा त्रास खरा आहे, मी तो कमी लेखत नाही, पण त्या नावात एक गृहीत धरलेलं आहे की हे काम कुणाचं तरी असतंच, फक्त आमचं नाही.

रातपाळी

गैरसमज कसला, बरोबर बोललात. मला नाव वाचून आधी तेच वाटलं होतं आणि भाचीशी त्यावर वाद झाला. ती म्हणाली त्या काळचा शब्द आहे. असेल, पण शब्द बोचतो तो बोचतोच. माझे आजोबा सोलापूरला गिरणीत होते, त्यांना पण साहेब काय म्हणत असेल ते मला माहीत आहे.

तरी एक सांगते. पुस्तकाच्या आत त्या कामाचं वर्णन आहे ते मात्र नुसती तक्रार नाही. गटारं उपसणं, संडास साफ करणं, पहारेकऱ्यांच्या बागेला पाणी वाहणं, हे सगळं त्या करतात आणि परत येऊन पेशंट बघतात. आणि नर्सिंग म्हणजे तरी काय, बेडपॅन उचलणं हा नर्सिंगचा अर्धा भाग आहे आणि आपल्याकडे त्यामुळेच किती वर्षं चांगल्या घरच्या मुलींना नर्सिंगला पाठवत नव्हते. माझ्या आईला नातेवाईक म्हणाले होते की पोरीला परक्यांची घाण काढायला पाठवतेस का.

मजुरांची डायरी नाही हे मात्र खरंच. ज्याच्याकडे पेन्सिल नव्हती त्याचा हँडओव्हर कोण देणार.

मेलबर्नकर

मी मेलबर्नलाच असते, एज्ड केअरमध्ये, म्हणजे वृद्धांच्या सेवेत, आरएन (रजिस्टर्ड नर्स) आहे. सेंट किल्डा रोडवर नर्सेस मेमोरियल सेंटर आहे तिथे कामानिमित्त गेले होते तेव्हा ही गोष्ट कळली. बेटी आणि व्हिव्हियन परत आल्यावर दोघी गाडी घेऊन अख्ख्या व्हिक्टोरिया राज्यात हॉस्पिटलं फिरल्या, पैसे गोळा करायला, की गेलेल्या मैत्रिणींचं स्मारक दगडाचं नको, नर्सना उपयोगी पडेल अशी जागा हवी. १९५० ला ते सेंटर सुरू झालं आणि बेटी त्याची पहिली ॲडमिनिस्ट्रेटर. व्हिव्हियन पुढे फेअरफिल्डच्या साथरोग हॉस्पिटलची मेट्रन झाली. दोघी २००० सालीच वारल्या, जुलैत एक, सप्टेंबरात दुसरी.

कॅनबेराच्या वॉर मेमोरियलला व्हिव्हियनचा पुतळा बसवलाय २०२३ मध्ये. पायाशी २२ स्टीलच्या चकत्या आहेत, त्या रात्री आकाशात तारे जसे दिसले असते तशा मांडलेल्या. पावसाचं पाणी त्यात साचतं. मी गेले तेव्हा माझी मुलगी त्या एकेक मोजत होती.

सोनटक्का

गाण्याचं पण काहीतरी ऐकलंय ना ह्या कॅम्पबद्दल?

मेलबर्नकर

हो हो. मार्गारेट ड्रायबर्ग नावाची मिशनरी बाई आणि नोरा चेंबर्स, ह्या दोघींनी वाद्यं नाहीत म्हणून आवाजांचा ऑर्केस्ट्रा केला. ड्रायबर्गबाईंनी मोठमोठ्या संगीतकारांच्या रचना नुसत्या आठवणीतून कागदावर उतरवल्या, शब्द नाहीत, नुसते स्वर, आणि बायकांनी व्हायोलिनची जागा, चेलोची जागा गळ्याने घेतली. पहिला कार्यक्रम २७ डिसेंबर १९४३. ड्वोराकच्या न्यू वर्ल्ड सिम्फनीतला संथ भाग होता त्यात. पहारेकरी आरडाओरडा करत बंद पाडायला आला आणि ऐकत उभा राहिला असं सांगतात. बेटी त्यात गायची. १९४५ मध्ये ते थांबलं कारण गाणाऱ्याच मेल्या, ड्रायबर्गबाईही त्याच एप्रिलमध्ये गेल्या.

धानोरा_वाट

ताई मी बहुतेक फक्त वाचते इथे पण आज लिहिते. मी गडचिरोलीत १४ वर्षं उपकेंद्रात एएनएम होते, आता बदली होऊन बाहेर आलेय. तुम्ही त्या ३१ जणींचं गप्प राहणं लिहिलं ते मला एकदम आतून कळलं.

आमच्याकडे रात्री दार वाजलं की उघडायचं, कोण आहे कुठून आलाय हे विचारायचं नाही. जखम बघायची, धुवायची, टीटीचं इंजेक्शन द्यायचं, मोठं असेल तर खाली न्या म्हणून सांगायचं. सकाळी दुसरे येणार, रात्री कोण आलं होतं म्हणून विचारणार. रजिस्टरला ताप, खोकला, जुलाब एवढंच. मी कुणाच्याच बाजूने नव्हते, मला गावात राहायचं होतं, गावातल्या बायकांची बाळंतपणं करायची होती. नवऱ्याला पण सांगितलं नाही कित्येकदा. लोकांना वाटतं गप्प राहणं म्हणजे काही न करणं, ताई ते पण काम आहे आणि त्याने माणूस दमतो. बदली झाल्यावर पहिले सहा महिने मी रात्री दार वाजलं की उठून बसायची, शेजारचं दार असायचं.

रातपाळी

बाई, तुमचं लिहिणं तीनदा वाचलं. तुम्हाला नमस्कार. माझी ३३ वर्षं एकीकडे आणि तुमच्या त्या रात्री एकीकडे. जेवढं सांगण्यासारखं असेल तेवढं कधी तरी लिहा, नावगाव न घेता, घाई नाही.

शब्दवेडा

थोडा अवघड विषय काढतोय, नको वाटला तर सोडून द्या. त्या किनाऱ्यावर गोळ्या घालायच्या आधी नर्सवर बलात्कार झाले होते असं अलीकडे पुढे आलंय ना? २०१९ च्या सुमारास बातम्या होत्या. मग बेटीच्या पुस्तकात ते नाही, व्हिव्हियनने टोकियोच्या खटल्यात १९४६ ला साक्ष दिली त्यात नाही. अशा वेळी आपण आज ते उकरून काढणं योग्य आहे का? ती बाई स्वतः बोलली नाही तर तिच्या मागे आपण कोण बोलणारे.

रातपाळी

बरं झालं काढलात. मी मुद्दाम वर लिहिलं नव्हतं, धाग्याच्या सुरुवातीलाच नको म्हणून.

हो, लिनेट सिल्व्हर म्हणून इतिहासकार आहेत त्यांनी २०१९ मध्ये ते मांडलं, आणखीही दोघींनी त्यावर काम केलंय. त्यांचं म्हणणं असं की व्हिव्हियनला हे सांगायचं होतं, मरायच्या आधी तिने एका पत्रकार बाईला सांगितलंही, पण साक्षीच्या वेळी तिला वरून सांगितलं गेलं की ह्याबद्दल बोलायचं नाही. म्हणजे ती बोलली नाही असं नाही, तिला बोलू दिलं नाही. हा फरक फार मोठा आहे.

आणि पुरावा कसला तर तिचा गणवेश. तो कॅनबेराच्या संग्रहालयात जपलेला आहे. तपासणाऱ्यांच्या लक्षात आलं की गोळी शिरल्याचं आणि बाहेर पडल्याचं भोक एकमेकांशी जुळतं ते गणवेश पुढून उघडा असेल तरच. आणि काही बटणं वेगळ्याच दोऱ्याने परत लावलेली.

हे वाचलं आणि माझ्या अंगावर काटा आला, कारण कपडे बोलतात हे आम्हाला कॅज्युल्टीत पहिल्या महिन्यात शिकवतात. एमएलसी, म्हणजे पोलिसांत जाणारी मेडिको-लीगल केस आली की कपडे कापायचे पण भोक असेल, फाटलं असेल तिथून कापायचं नाही, त्याला वळसा घालून कात्री चालवायची. झटकायचे नाहीत. ओले असतील तर वाळवायचे, कागदात गुंडाळायचे, प्लास्टिकमध्ये नाही. लेबल लावायचं, सही करायची. मी नवीन असताना एका मुलीच्या केसमध्ये घाईत ब्लाऊज सरळ मधून कापला होता आणि आमच्या इनचार्ज सिस्टरनी मला बाजूला नेऊन एवढंच सांगितलं की उद्या ती बोलू शकली नाही तर हे कापड बोलणार होतं. ती चूक मी विसरले नाही. पुढे प्रत्येक स्टुडंटला कात्री हातात देताना मी आधी भोक दाखवायचे.

व्हिव्हियन नर्स होती. तिने तो गणवेश टाकला नाही, त्याच बायकांनी साडेतीन वर्षं गणवेश जपले होते सुटकेच्या दिवशी घालायला म्हणून, बाकीचे कपडे चिंध्या झाले तरी. तिने बटणं लावली, भोक तसंच राहू दिलं. मला कुणी पुरावा दाखवू शकणार नाही, पण माझ्या मनाची खात्री आहे की तिला कळत होतं आपण काय सांभाळतोय.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर: कॅम्पातलं गप्प बसणं त्यांचं होतं, त्यांनी एकमेकींचा जीव वाचवायला ठरवलं होतं, त्यावर बोलायचा आपल्याला अधिकार नाही. युद्ध संपल्यावरचं गप्प बसणं त्यांच्यावर लादलेलं. का, तर म्हणे गेलेल्यांच्या घरच्यांना लाज वाटू नये. लाज कुणाची होती? मारणाऱ्यांपैकी कुणालाच ह्या प्रकरणात शिक्षा झाली नाही. ज्या अधिकाऱ्याची ती तुकडी होती त्याने १९४८ ला टोकियोच्या तुरुंगात आत्महत्या केली, खटला उभाच राहिला नाही. आणि बदनामी होईल म्हणून तोंड बंद ठेवायचं ते मात्र ह्यांनी. आपल्या वॉर्डातही मी हेच ऐकलंय, सिस्टर एवढं लिहू नका, मुलीचं लग्न व्हायचंय. बापच सांगायचे, रडत सांगायचे, मला त्यांचाही राग यायचा नाही. पण मी लिहायचे.

शब्दवेडा

पटलं. मी हा विचार केला नव्हता, की गप्प राहणाऱ्याने ठरवलं का दुसऱ्या कुणी.

धानोरा_वाट

बरोबर आहे ताई. माझं मी ठरवलं होतं.

जुनी_वही

बेटीच्या बाबतीत मात्र एक जोडतो. पुस्तकात पालेंबांगचा एक प्रसंग आहे, जपानी अधिकाऱ्यांनी क्लब काढला आणि नर्सनी तिथे मनोरंजनाला यावं असा हुकूम. तेव्हा ह्यांनी काय केलं, सगळ्या मिळून गेल्या, जेवढं कुरूप दिसता येईल तेवढं होऊन, तोंडाला माती, पायात पुरुषांचे बूट, तोच गणवेश. एकटी कुणीच गेली नाही. तो बेत त्यांनी हाणून पाडला. १९५४ साली बेटीने हे छापलं. तेव्हा अगदीच काही लिहिलं नाही असं म्हणता येत नाही. जे लिहिता आलं ते लिहिलंय, बाकीचं ओळींच्या मधे.

रातपाळी

हो, तो भाग राहिलाच माझ्याकडून. सगळ्या मिळून गेल्या हेच त्यातलं खरं.

गोदाकाठ

सिस्टर, तुम्ही सोलापूरच्या म्हणून विचारतो. आपल्या डॉ. कोटणीसांच्या पत्नी पण नर्सिंगमधल्याच ना? त्यांनी पण आठवणी लिहिल्यात असं वाचल्याचं आठवतं.

रातपाळी

हो, गुओ चिंगलान. डॉक्टर १९३८ ला पाच जणांच्या पथकातून चीनला गेले, जपानशी युद्ध चालू होतं, त्या तिथे नर्सिंग शिकवायच्या. १९४१ ला लग्न, ९ डिसेंबर १९४२ ला डॉक्टर गेले तेव्हा मुलगा साडेतीन महिन्यांचा. म्हणजे बघा, ज्या वर्षी बेटी सुमात्राच्या कॅम्पात त्याच वर्षी आपली सोलापूरची सून उत्तर चीनमध्ये, शत्रू तोच. त्या २०१२ ला वारल्या. त्यांनी कोटणीसांबरोबरच्या आयुष्यावर लिहिलंय हे खरं, मला ते अजून मिळालेलं नाही. आम्हाला शाळेत डॉक्टरांचा धडा होता, त्यात ह्यांच्याबद्दल एक ओळ. त्या स्वतः जखमींसाठी काय करत होत्या ते मला वाचायचंय, कुणाला पुस्तक कुठे मिळेल माहीत असेल तर कळवा.

मेलबर्नकर

मी इथल्या लायब्ररीत शोधते सिस्टर.

सुटकेचं तुम्ही लिहिलं नाहीत ना? १६ सप्टेंबर १९४५ ला विमान आलं त्यांना न्यायला, आर्मीच्या नर्सिंगची सर्वांत मोठी मेट्रन ॲनी सेज स्वतः आली होती त्यात. तिला वाटलं होतं सगळ्या असतील. धावपट्टीशेजारी २४ जणी उभ्या, हाडांचे सापळे, आणि अंगावर ते जपून ठेवलेले गणवेश. ती बाकीच्यांना शोधत होती.

रातपाळी

तेच पान मी अजून कुणाला मोठ्याने वाचून दाखवू शकत नाही.

पण वाचावं लागणार आहे. आमच्या इथल्या जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाच्या मुलींच्या मॅडमनी १२ मेला, नर्सेस डेला, बोलावलंय, दिवा लावतात तेव्हा निवृत्त सिस्टरनी दोन शब्द बोलायचे असतात. दरवर्षी नाइटिंगेलबाईंबद्दलच बोलतात. मी सांगितलं मी बोलणार नाही, वाचणार. म्हणून जहाज बुडतं तिथपासून तराफा वाहून जातो तिथपर्यंतचा भाग मराठीत उतरवायला घेतलाय, शंभर पानी वही आणली, पंधरा पानं झालीत. पोरी अठरा-एकोणीस वर्षांच्या आहेत, खेड्यांतून आलेल्या, त्यांना ऐकताना कुठे अडायला नको. ‘राफ्ट’ला तराफा लिहिलंय, ते कळेल ना आजच्या मुलींना? की सरळ राफ्टच लिहू?

सोनटक्का

तराफाच ठेवा सिस्टर. पुराच्या बातम्यांत येतो तो शब्द, कळेल.

धानोरा_वाट

तराफा कळतं ताई. आमच्याकडे पावसाळ्यात नदी ओलांडायला तोच.

रातपाळी

मग तराफाच. आता सोललेल्या हातांचा परिच्छेद राहिलाय, तो आज रात्री बसून करते.